हक्कांच्या जाहीरनाम्याचा मसुदा: वाद कुठे घालायचा आणि कुठे टाळायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कायदा आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या एका गटानं सराव म्हणून संयुक्त राष्ट्रांनी १९४८ मध्ये मंजूर केलेला मानवी हक्कांचा वैश्विक जाहीरनामा आज नव्यानं लिहायचं ठरवलं. सुरुवातीच्या बैठका हक्क देवानं दिले, निसर्गानं दिले की समाजानं, या वादातच संपल्या. हक्कांची यादी सत्तरच्या पुढे गेली. आणि गटातल्या काहींनी विचारलं, की जो कागद कोणावर बंधनकारकच नाही त्याच्यासाठी एवढा आटापिटा कशाला? सुरुवात कुठून करावी, असं त्यांनी विचारलं आहे.

हक्कांविषयीचे मसुदे लिहिणं, तपासणं आणि त्यातल्या एकेका शब्दावरून लोकांना समोरासमोर बसवणं हे माझं काम आहे. म्हणून सविस्तर लिहिते. तुम्ही अडलात त्याच तीन जागी १९४७-४८ मधली माणसंही अडली होती. त्यांनी वाट कशी काढली ते पाहिलं तर तुमचं निम्मं काम होईल. उरलेलं निम्मं मात्र त्यांच्याकडून राहिलेल्या उणिवांमधून शिकावं लागेल.

सर्वांत आधी ठरवा की तुम्ही नेमका कोणता कागद लिहिताय. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्क आयोग १९४७ च्या सुरुवातीला कामाला लागला. अठरा देशांचे सदस्य, अध्यक्ष अमेरिकेच्या एलिनॉर रूझवेल्ट. तेव्हा पहिला गोंधळ हाच होता: जाहीरनामा करायचा की देशांना बांधून घेणारा करार? काही देशांना नुसती घोषणा पोकळ वाटत होती. भारताच्या प्रतिनिधी हंसाबेन मेहता सुरुवातीपासून अंमलबजावणीची यंत्रणा मागत होत्या. अमेरिका आणि सोव्हिएत संघाला मात्र बंधन नको होतं. शेवटी डिसेंबर १९४७ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत कामाचे तीन भाग झाले: जाहीरनामा, करार आणि अंमलबजावणीचे उपाय. जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ ला मंजूर झाला. करारांना १९६६ उजाडलं आणि ते अमलात आले १९७६ मध्ये. तिन्ही गोष्टी एकाच कागदात घालायचा हट्ट धरला असता तर १९४८ मध्ये हाती काहीच लागलं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

हा फरक लिहिण्याच्या पद्धतीत उतरतो. जाहीरनाम्याचं एकोणिसावं कलम वाचा. मत बाळगण्याचा आणि व्यक्त करण्याचा हक्क तिथे एका वाक्यात आहे, एकही ‘परंतु’ नाही. आता तोच हक्क १९६६ च्या नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारात वाचा, किंवा १९५० च्या युरोपीय करारात. तिथे हक्कापाठोपाठ निर्बंधांची रांग लागते: राष्ट्रीय सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, इतरांची प्रतिष्ठा, आरोग्य, नीतिमत्ता. करारात हे लागतंच, कारण न्यायाधीशाला किंवा समितीला ते लावून पाहायचं असतं. जाहीरनाम्यात प्रत्येक कलमाला असा अपवाद जोडला तर वाचणाऱ्याच्या हातात हक्काऐवजी अपवादच उरतो. म्हणून १९४८ च्या मंडळींनी मर्यादांचं कलम एकच ठेवलं, एकोणतिसावं, आणि तेही जवळजवळ शेवटी. मर्यादा कायद्यानेच घातलेली हवी आणि ती इतरांच्या हक्कांचा मान राखण्यासाठी, किंवा लोकशाही समाजातल्या नीती, सुव्यवस्था आणि लोककल्याणाच्या रास्त गरजांसाठीच हवी, असं ते सांगतं. तुम्हीही तसंच करा. कलमं लिहिताना कोणी ‘पण दुरुपयोग झाला तर?’ असं विचारेल. त्याला सांगा की त्या प्रश्नासाठी एक कलम राखून ठेवलं आहे, तिथे बोलू.

आता देव, निसर्ग की समाज हा वाद. १९४८ च्या शरद ऋतूत पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या तिसऱ्या समितीत, म्हणजे सामाजिक विषय पाहणाऱ्या समितीत, पहिल्या कलमावर हीच चर्चा रंगली. माणूस ईश्वराच्या प्रतिमेनुसार घडला आहे असा उल्लेख ब्राझीलला हवा होता. आधीच्या मसुद्यात माणसाला बुद्धी आणि सदसद्विवेक ‘निसर्गतः’ लाभलेले आहेत असे शब्द होते. चीनचे प्रतिनिधी पी. सी. चँग यांनी तेव्हा जे सांगितलं ते मसुदा लिहिणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावं. चीनची लोकसंख्या प्रचंड आहे, तिला स्वतःचे आदर्श आहेत, तरी आपण ते या मजकुरात घालायचा आग्रह धरलेला नाही. मग इतरांनीही आपापल्या श्रद्धेबाबत तेवढाच संयम दाखवावा. ब्राझीलनं आपली सूचना मागे घेतली. ‘निसर्गतः’ हा शब्दही गेला. राहिलं ते असं: सर्व माणसं जन्मतः स्वतंत्र आहेत, प्रतिष्ठा व हक्क यांबाबत समान आहेत, आणि त्यांना बुद्धी व सदसद्विवेक लाभलेले आहेत.

युनेस्कोनं १९४७ मध्ये जगभरच्या विचारवंतांची मतं मागवली होती. गांधीजींनी युनेस्कोचे प्रमुख ज्युलियन हक्सली यांना उत्तरात कळवलं, की हक्क हे नीट पार पाडलेल्या कर्तव्यातून येतात असं आपण आपल्या अशिक्षित पण शहाण्या आईकडून शिकलो. त्याच उपक्रमात दुसरं कोणी नैसर्गिक कायद्याचा आधार देत होतं, तर कोणी समाजवादाचा. तरी हक्कांच्या याद्या एकमेकींशी बऱ्याचशा जुळत होत्या. हक्कांवर आमचं एकमत होऊ शकतं, फक्त ‘का’ ते विचारू नका, असा याचा निष्कर्ष फ्रेंच तत्त्वज्ञ जाक मारितँ यांनी सांगितला. माझा अनुभवही तोच आहे. छळ होता कामा नये यावर अत्यंत श्रद्धाळू माणूस आणि कट्टर नास्तिक एका मिनिटात सह्या करतात. का होता कामा नये हे विचारलं की संध्याकाळ सरते आणि सह्या राहून जातात. तेव्हा कारणांचा वाद बैठकीबाहेर हवा तेवढा घाला, तो मोलाचाच आहे. मसुद्यात तो आणू नका.

पण या मौनाची किंमतही मोजावी लागते, ती लपवू नये. कारण न सांगितल्यामुळे ‘ही तर पश्चिमेची मूल्यं’ असा आक्षेप पहिल्या दिवसापासून आला. अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेनं १९४७ मध्येच इशारा दिला होता, की एका संस्कृतीची मापं साऱ्या जगाला लावू नका. आक्षेपाचा एक भाग खराच आहे. तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे सदस्य देश होते फक्त ५८. आफ्रिकेचा बहुतांश आणि आशियाचा मोठा भाग परकीय सत्तांखाली होता, त्यांना त्या खोलीत खुर्चीच नव्हती. मात्र खोलीत जे होते त्यांची नावं घेतल्याशिवाय हा आक्षेप पुरा होत नाही. लेबनॉनचे चार्ल्स मलिक तिसऱ्या समितीचे अध्यक्ष होते. चिलीचे एर्नान सांता क्रूझ आर्थिक आणि सामाजिक हक्कांसाठी अडून बसले. पाकिस्तानच्या बेगम शाइस्ता इक्रामुल्ला विवाहातल्या समान हक्कांसाठी, बालविवाह आणि जबरदस्तीच्या विवाहाविरुद्ध बोलल्या. धर्म बदलण्याच्या स्वातंत्र्यावर सौदी अरेबियानं हरकत घेतली, तेव्हा पाकिस्तानच्याच झफरुल्ला खान यांनी त्या स्वातंत्र्याची बाजू घेतली. एकाच धर्मपरंपरेतले दोन देश समोरासमोर उभे राहिले. संस्कृती ही एका सुरात बोलणारी गोष्ट नसते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. तुमच्या गटात कोणी ‘आमच्या संस्कृतीत हे बसत नाही’ असं म्हणालं, तर त्याच संस्कृतीतल्या कोणाकोणाला विचारलं होतं, हे आधी विचारा.

सत्तरची यादी कशी कापायची? ती कल्पनेतून केली असेल तर कापताच येणार नाही, कारण प्रत्येकाला आपली ओळ प्रिय असते. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयातले कॅनडाचे कायदेपंडित जॉन हम्फ्री यांनी पहिला मसुदा केला तो जगभरच्या राज्यघटना आणि तोवर आलेले प्रस्ताव समोर ठेवून. त्यांच्या मसुद्यात ४८ कलमं होती आणि त्याला जोडलेला आधाराचा दस्तऐवज सुमारे ४०० पानांचा होता. म्हणजे त्यांनी नवं शोधलं नाही, जे होतं ते गोळा केलं. ही पहिली पायरी.

दुसरी पायरी माझ्या मते त्याहून महत्त्वाची आहे: प्रत्येक हक्कासमोर तो कोणत्या अन्यायातून आला ते लिहा. १९४८ च्या मजकुरातली कलमं कोरडी वाटतात, पण त्यामागे ताज्या जखमा आहेत. जर्मनीत १९३५ च्या न्युरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचं पूर्ण नागरिकत्व काढून घेतलं आणि ज्यू व इतर जर्मनांमधल्या विवाहांवर बंदी घातली. १९४१ मध्ये देशाबाहेर गेलेल्या ज्यूंचं राष्ट्रीयत्वच रद्द केलं. आता पंधरावं कलम वाचा: प्रत्येकाला राष्ट्रीयत्वाचा हक्क आहे आणि ते मनमानी रीतीनं कोणी हिरावून घेऊ शकत नाही. सोळावं वाचा: वंश, राष्ट्रीयत्व किंवा धर्म यांच्या आडकाठीविना विवाहाचा हक्क. सहावं वाचा: कायद्यापुढे माणूस म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क. हे शेवटचं कलम शांततेच्या काळात वाचलं तर इतकं उघड वाटतं, की ते कशाला लिहिलं असा प्रश्न पडतो. ज्यांना कायद्यानं माणूस मानायचंच नाकारलं होतं त्यांची आठवण ठेवली की पडत नाही.

तेव्हा सत्तर ओळींसमोर तीन रकाने आखा. हा हक्क नसल्यामुळे कोणाचं काय झालं? ते कोणी केलं? आणि हक्क मान्य केला तर नेमकं कर्तव्य कोणावर येतं? पहिला रकाना रिकामा राहिला तर ती ओळ इच्छा आहे, हक्क नव्हे. तिसरा भरता येत नसेल तर शब्द अजून धूसर आहेत. बऱ्याच ओळी एकाच अन्यायाची निरनिराळी नावं निघतील, त्या जोडून टाका.

आता शब्द. इथे मात्र वाद घाला, हवा तेवढा वेळ घाला. मसुद्याची खरी लढाई कर्ता आणि क्रियापद यांवर होते.

कर्त्याचं उदाहरण सर्वांना माहीत असलेलं आहे. जिनिव्हाच्या मसुद्यात पहिल्या कलमाची सुरुवात ‘ऑल मेन’ अशी होती. एलिनॉर रूझवेल्ट यांना त्यात अडचण वाटत नव्हती, त्या शब्दात स्त्रिया येतातच असं त्यांचं मत होतं. हंसाबेन मेहतांनी सांगितलं की अनेक देशांत याचा अर्थ शब्दशः लावला जाईल आणि स्त्रियांना बाहेर ठेवायला तो वापरला जाईल. स्त्रियांच्या स्थितीविषयीच्या आयोगानंही हाच आग्रह धरला होता. १९४८ मध्ये ते शब्द बदलून ‘ऑल ह्यूमन बीइंग्ज’ झाले. पण काम तिथेच थांबलं. पंचविसाव्या कलमातल्या राहणीमानाच्या हक्कात इंग्रजी मजकुरातला माणूस अजूनही पुरुषच आहे, ‘स्वतःचं आणि त्याच्या कुटुंबाचं’ भागवणारा. एक मोठा विजय मिळाला की उरलेला मजकूर त्याच नजरेनं तपासायचं राहून जातं. तुमच्या गटातल्या एकीला किंवा एकाला एवढंच काम द्या: प्रत्येक वाक्यातला कर्ता कोण, आणि त्यातून कोण निसटतं?

क्रियापदाचं उदाहरण चौदाव्या कलमात आहे, आणि माझ्या मते संपूर्ण जाहीरनाम्यातला तो सर्वांत वेदनादायक बदल आहे. आयोगाच्या मसुद्यात छळापासून वाचण्यासाठी दुसऱ्या देशात आश्रय मागण्याचा आणि तो दिला जाण्याचा हक्क होता. ‘दिला जाणे’ म्हटलं की देणारा आला, त्याच्यावर कर्तव्य आलं. देशांना ते नको होतं. तिसऱ्या समितीत शब्द बदलले आणि आश्रय ‘मागण्याचा व उपभोगण्याचा’ हक्क झाला. मागायला मोकळीक आहे, मिळाला तर उपभोगा, पण दार उघडायला कोणी बांधलेलं नाही. १९५१ च्या निर्वासितविषयक करारानं छळाच्या जागी परत ढकलण्यास मनाई केली. आश्रय मिळण्याचा हक्क मात्र त्यातही नाही. एक क्रियापद बदललं आणि त्याचे परिणाम आजही सीमांवर उभी असलेली माणसं भोगत आहेत.

कधीकधी मात्र न लिहिणंच शहाणपणाचं ठरतं. हम्फ्रींच्या मसुद्यात जगण्याच्या हक्काला देहदंडाचा अपवाद लिहिलेला होता. पुढे तो काढला, कारण अपवाद लिहिला तर देहदंडाला मान्यता दिल्यासारखं झालं असतं. उलट, शांततेच्या काळात देहदंड रद्द करावा ही सोव्हिएत सूचनाही फेटाळली गेली. तिसरं कलम दोन्हींबद्दल गप्प आहे. त्या मौनामुळे वाट मोकळी राहिली, आणि १९८९ मध्ये देहदंड रद्द करण्यासाठीचा स्वतंत्र जोडकरार आमसभेनं स्वीकारला. एकमत नसेल तिथे वाईट तडजोड लिहून ठेवण्यापेक्षा जागा मोकळी सोडा.

भेदभावाच्या कलमात यादी करावी लागते, कारण यादीशिवाय नेमके कोण सोसतात ते दिसत नाही. दुसऱ्या कलमात वंश, वर्ण, लिंग, भाषा, धर्म, राजकीय वा अन्य मत, राष्ट्रीय वा सामाजिक मूळ, संपत्ती, जन्म हे शब्द आहेत आणि शेवटी ‘किंवा अन्य दर्जा’. जात नाही. तिसऱ्या समितीत भारताच्या प्रतिनिधींनी तो शब्द सुचवला होता, पण ‘सामाजिक मूळ’ आणि ‘अन्य दर्जा’ यांत सगळं येतं असं म्हणून आग्रह सोडला. त्याच सुमारास, २९ नोव्हेंबर १९४८ ला, भारताची संविधान सभा अस्पृश्यता नष्ट करणारं कलम मंजूर करत होती. दिल्लीत नाव घेऊन लिहिलं गेलं, पॅरिसमध्ये ते इतर शब्दांत विरघळलं. व्यापक शब्दात सगळे येतात हे तर्कानं बरोबर आहे. पण नाव न घेतलेल्या अन्यायाला दाद मागायला दशकं लागतात, हेही खरं आहे. माझा सल्ला: यादी उघडी ठेवा, ‘अन्य’ नक्की लिहा, आणि तरीही तुम्हाला माहीत असलेलं प्रत्येक नाव लिहा.

आर्थिक हक्कांबद्दल फार लिहीत नाही. अन्न, निवारा, काम, विश्रांती, शिक्षण हे हक्क बावीस ते सत्तावीस या कलमांत आहेत, इतरांच्याच रांगेत. पुढे शीतयुद्धाच्या वातावरणात करार करताना त्यांची दोन करारांत फाळणी झाली आणि आर्थिक हक्क ‘हळूहळू’ मिळायच्या गोष्टी ठरल्या. तुमच्या मसुद्यात असे दोन दर्जे करू नका, एवढंच.

वगळलेल्या गोष्टींची वेगळी वही ठेवा. १९४८ मध्ये अल्पसंख्याकांच्या हक्कांचं कलम गळलं. व्यक्तीला संयुक्त राष्ट्रांकडे थेट अर्ज करण्याचा हक्क गळला. जुलमाविरुद्ध बंड करण्याचा हक्क कलमातून निघाला आणि प्रस्तावनेत वेगळ्या रूपात आला: माणसावर नाइलाजानं बंडाची वेळ येऊ नये म्हणून कायद्याचं राज्य हवं. पहिल्या दोन गोष्टी १९६६ च्या कराराबरोबर परत आल्या, अल्पसंख्याकांचं कलम म्हणून आणि वैयक्तिक तक्रारींच्या जोडकराराच्या रूपानं. कोणी काय मागितलं होतं आणि का नाकारलं गेलं याची नोंद बैठकींच्या वृत्तांतांत होती, म्हणून मागणी पुन्हा करणाऱ्यांना कोऱ्या पाटीवर सुरुवात करावी लागली नाही.

कामाची पद्धत: लिहिणारा एक, कापणारे अनेक. जून १९४७ मध्ये आठ देशांच्या मसुदा समितीनं हम्फ्रींचा मजकूर पाहिला आणि फ्रान्सचे रेने कासँ यांना तो एकसंध करायला सांगितलं. त्यांनी ४४ कलमांचा मसुदा दिला. त्यानंतर मात्र प्रत्येक शब्द सर्वांसमोर आला. एकट्या तिसऱ्या समितीनं ८० हून अधिक बैठका घेतल्या. दहा जणांनी एका वाक्यावर एकत्र लेखणी धरली तर दहा गाठी मारलेला दोर तयार होतो. त्यापेक्षा एकानं लिहावं आणि बाकीच्यांनी निर्दयपणे तपासावं.

राहिला बंधनाचा प्रश्न. मतदानात ४८ देश बाजूनं, विरोधात एकही नाही, ८ तटस्थ. तटस्थांमध्ये सोव्हिएत गटातले सहा देश, सौदी अरेबिया आणि दक्षिण आफ्रिका. वंशभेदाची राजवट उभारणाऱ्या दक्षिण आफ्रिकेला हा ‘नुसता कागद’ वाटला असता तर तिनं सहज हात वर केला असता. तिला त्या शब्दांची भीती होती आणि ती रास्त होती. १९६८ मध्ये तेहरानच्या परिषदेनं जाहीरनामा हे आंतरराष्ट्रीय समुदायाच्या सदस्यांवरचं दायित्व आहे असं घोषित केलं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या केशवानंद भारती निकालात भारताचे सरन्यायाधीश सिक्री यांनी म्हटलं, की जाहीरनामा कायद्यानं बंधनकारक नसला तरी संविधान स्वीकारताना भारतानं मानवी हक्कांचं स्वरूप कसं समजून घेतलं होतं ते त्यातून दिसतं. २००८ पासून संयुक्त राष्ट्रांची मानवी हक्क परिषद प्रत्येक सदस्य देशाचा ठरावीक काळानं आढावा घेते, आणि त्या आढाव्याच्या आधारांमध्ये हा जाहीरनामा आहे. ज्या देशानं एखादा करार मान्य केलेला नाही, त्यालाही तिथे जाहीरनाम्याच्या आधारे प्रश्न विचारले जातात.

तुमच्या यादीत १९४८ मध्ये नसलेलं काय हवं? पाणी आणि स्वच्छतेचा हक्क आमसभेनं २०१० मध्ये मान्य केला, स्वच्छ आणि निरोगी पर्यावरणाचा २०२२ मध्ये. अपंगत्व दुसऱ्या कलमाच्या यादीत नव्हतं, त्यासाठी २००६ चा स्वतंत्र करार व्हावा लागला. हे तिन्ही घ्या. व्यक्तिगत माहितीवर पाळत ठेवण्याविरुद्धचं कलम बाराव्या कलमातल्या खासगी जीवनाच्या हक्कातून वाढवता येईल, नवीन पायाची गरज नाही.

पुढच्या बैठकीला ते तीन रकाने भरून आणा आणि प्रस्तावना अजिबात लिहू नका. ती सर्वांत शेवटी लिहायची असते. आणि तिसाव्या कलमासारखं एक कलम विसरू नका: या मजकुरातल्या कशाचाही अर्थ असा लावता येणार नाही, की ज्यातून एखाद्या राज्याला, गटाला किंवा व्यक्तीला यातलाच एखादा हक्क नष्ट करण्याची मुभा मिळेल. ते लिहिताना आधीचं प्रत्येक कलम पुन्हा वाचा आणि त्यातल्या कोणत्या शब्दाला धरून कोणी असा अर्थ काढू शकेल ते शोधा. सापडलेला शब्द त्याच बैठकीत बदला.